दरिद्री देशांनीं संशोधन करूं नये काय?

परवां एका स्नेह्यांच्या घरीं चार मंडळी जमली असतां मेंदूच्या विकारांविषयीं गोष्ट निघाली. यजमानांच्या वडील बंधूंस अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते, त्यामुळें विषय ओघानेंच आला. जमलेल्यांपैकीं एक वयोवृद्ध, बहुश्रुत आणि सरकारी नोकरींत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले गृहस्थ म्हणाले, "आपल्या तरुण डॉक्टरांस संशोधनासाठीं पैसे देण्याचें जें खूळ निघालें आहे तें मला मुळींच पसंत नाहीं. रोगी दारांत रांगा लावून उभे आहेत. त्यांस आधीं बरे करा. शोध लावायला अमेरिका समर्थ आहे. त्यांनीं लावावे, आपण वापरावे." मंडळींनीं माना डोलावल्या. आम्हीही त्या घरचें दुःख लक्षांत घेऊन त्या वेळीं गप्प बसलों. परंतु हें मत एकट्या त्या गृहस्थांचें नाहीं. तें सचिवालयांत आहे, वैद्यकीय महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत आहे, धर्मादाय निधींच्या विश्वस्तांत आहे, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांतही आहे. म्हणून त्याचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

या मताचा पाया असा कीं, औषध म्हणजे एक नाणें आहे. तें लंडनांत पाडलें काय आणि नागपुरांत चालविलें काय, किंमत एकच. आमचें म्हणणें असें कीं हा पायाच खोटा आहे. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतों.

केनिया देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर किलिफी नांवाचें गांव आहे. हिंवताप मेंदूपर्यंत पोंचून बेशुद्ध झालेलीं मुलें तेथील इस्पितळांत येत. अशा मुलांस एकामागून एक फेफरीं येऊं लागतात. फेफरें थांबविणाऱ्या औषधांत फिनोबार्बिटोन हें सर्वांत स्वस्त आणि फार जुनें. १९१२ पासून तें अपस्मारावर दिलें जात आहे, आणि 'गार्डिनल' या नांवानें आपल्याकडील कित्येक घरांतही तें परिचयाचें आहे. बेशुद्ध मुलास फेफरें येण्याची वाट न पाहतां या औषधाची एक सुई आधींच टोचून ठेवावी, असा सल्ला दिला जात असे. सल्ला तर्काला धरून होता. फेफऱ्यानें मेंदूस इजा होते, तर फेफरें टाळलेलें बरें, यांत न पटण्यासारखें काय आहे? किलिफीच्या डॉक्टरांनीं मात्र तो तसाच न स्वीकारतां ३४० मुलांवर पारखून पाहिला. निम्म्या मुलांस औषध दिलें, निम्म्यांस औषधासारखें दिसणारें निरुपद्रवी द्रव्य दिलें. २००० सालीं निकाल प्रसिद्ध झाला. फेफरीं खरोखरच कमी झालीं होतीं. परंतु ज्यांस औषध मिळालें त्यांच्यापैकीं शेंकडा १८ मुलें दगावलीं, आणि ज्यांस मिळालें नाहीं त्यांच्यापैकीं शेंकडा ८.

असें कां व्हावें? हें औषध श्वास मंद करतें. त्यांतून ज्या मुलांस डायझेपाम हें दुसरें औषधही वारंवार द्यावें लागलें त्यांच्या बाबतींत तर धोका फारच वाढला. श्रीमंत देशाच्या इस्पितळांत श्वास मंदावला तर उशाशीं कृत्रिम श्वासोच्छ्वासाचें यंत्र असतें. नळी घातली कीं वेळ निभावून जाते. जेथें तें यंत्र नाहीं तेथें मूल जातें. औषध तेंच, रोग तोच, सल्लाही तोच. इस्पितळ बदललें आणि मृत्यूचें प्रमाण दुपटीवर गेलें. 'त्यांनीं शोध लावावे, आपण वापरावे' या सूत्राप्रमाणें चाललों असतों तर ही गोष्ट कोणास कधीं कळलीच नसती. मुलें मेलीं असतीं, आणि तीं हिंवतापानें मेलीं असें आपण लिहून ठेवलें असतें.

कोणी म्हणेल कीं किलिफीच्या संशोधनांत इंग्रज डॉक्टर होते व पैसाही वेलकम न्यासाचा होता, तेव्हां हें उदाहरण आमच्यावरच उलटतें. मुळींच नाहीं. तो प्रश्न लंडनांत बसून सुचणारा नव्हता. किलिफीच्या खाटेपाशीं रात्र काढणाऱ्यालाच तो सुचला. आमचा मुद्दा कातडीच्या रंगाचा नसून मुक्कामाचा आहे. जो खाटेपाशीं आहे त्याच्याजवळ प्रश्न असतो; आणि जो जन्मभर तेथेंच राहणार आहे त्याच्याजवळ एक नव्हे, दहा प्रश्न असतात.

आपल्या देशांतील दाखलेही कमी नाहींत. एके काळीं फेफरें येऊं लागलेल्या तरुण रोग्याच्या मेंदूचें संगणकी क्ष-चित्र काढलें असतां त्यांत एकच लहानसा डाग दिसला, कीं ती क्षयाची गांठ समजून महिनोन् महिने क्षयाचीं औषधें चारीत. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या शस्त्रवैद्यांनीं अशा गांठी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं घातल्या, तेव्हां त्यांतील बहुतेक क्षयाच्या नसून पट्टकृमीच्या अळीच्या आहेत, असें १९८० नंतरच्या दशकांत निष्पन्न झालें. आणि फेफऱ्याचें साधें औषध चालूं ठेवलें तर त्या पुष्कळदां आपोआप विरतात, हेंही पुढें स्पष्ट झालें. किती घरांतील क्षयाचा कलंक त्या एका शोधानें पुसला असेल याचा हिशोब कोणी ठेवलेला नाहीं. हा शोध बोस्टनला लागणें शक्य नव्हतें, कारण बोस्टनला तो रोगी क्वचितच येतो.

लाखेच्या डाळीची कथा आमच्या विदर्भांतील वाचकांस सांगावयास नको. दुष्काळांत दुसरें कांहीं पिकलें नाहीं म्हणजे गरिबानें लाखोळी खावी आणि कांहीं महिन्यांत त्याचे पाय ताठून तो काठीला लागावा, हा प्रकार कर्नल स्लीमन यानें सागर प्रांतांत पाहून १८४४ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केला आहे. त्या डाळींतील मज्जासंस्थेस मारणारें विष नेमकें कोणतें, हें राव, अडिगा व शर्मा या तिघांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत शोधून काढलें तें १९६४ सालीं. मध्यें १२० वर्षें गेलीं! या १२० वर्षांत इंग्लंडांत व जर्मनींत मज्जाशास्त्राची केवढी वाढ झाली हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं विचार करावा, कीं तेथील पंडितांस आमच्या लाखोळीची निकड कां वाटली नाहीं. त्यांचा दोष नाहीं. त्यांच्या ताटांत ती नव्हती.

आतां रोगाचा भार किती व तो उचलणारे किती, हें पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें मज्जासंस्थेच्या विकारांनीं होणारे मृत्यु व आरोग्यहानि यांचा शेंकडा ८० हून अधिक भाग कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या वांट्यास येतो. आणि श्रीमंत देशांत दर लाख वस्तीमागें या विकारांचे जाणकार ७० पटींपर्यंत अधिक असतात. अपस्माराचे रोगी जगांत सुमारें ५ कोटि; त्यांतील पांचांत चार अशाच देशांत राहतात. 'अर्धांगवायु हा सुखवस्तु लोकांचा रोग', ही समजूत आमच्यांत अजून आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील 'सर्च' या संस्थेनें ८६ खेड्यांतील मृत्यूंचा पाठपुरावा करून २०१५ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत असें आढळलें कीं, त्या खेड्यांत मृत्यूचें पहिल्या क्रमांकाचें कारण अर्धांगाचा झटका हेंच होतें. दर सात मृत्यूंपैकीं सुमारें एक त्यानें झाला होता, आणि मेलेले बहुतेक जण घरींच मेले. गडचिरोलीच्या जंगलांत! पुण्यामुंबईच्या विद्वानांस हें तोंवर माहीत नव्हतें, कारण कोणी मोजलेंच नव्हतें. मोजावयास माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो.

हा पगार सध्यां कोण देतो? पुष्कळ अंशीं परके देतात, आणि येथें आमचें भांडण दुसऱ्या पक्षाशीं सुरू होतें. परक्यांच्या देणग्या नाना प्रकारच्या आहेत. एक प्रकार प्रवासवृत्तीचा: मज्जाशास्त्राच्या जागतिक महासंघासारख्या संस्था गरीब देशांतील तरुण तज्ज्ञांस परिषदेस येण्यापुरता खर्च देतात. चार दिवस व्याख्यानें ऐकून, गळ्यांत नांवाची पट्टी अडकवून काढलेलें छायाचित्र घेऊन तरुण परत येतो. यांत वाईट कांहीं नाहीं. पण याला संशोधन म्हणणें म्हणजे वराच्या मिरवणुकीस संसार म्हणणें होय. दुसरा प्रकार परदेशीं एकदोन वर्षें शिक्षण देण्याचा. त्यांत शिकलेला माणूस जें यंत्र चालवावयास शिकतो तें यंत्र घरीं नसतें, म्हणून तो पुन्हां यंत्राकडे जातो. मग आपण त्याला देशद्रोही म्हणतों. तिसरा प्रकार सर्वांत शहाणपणाचा. अमेरिकेंत १९६८ सालीं स्थापन झालेल्या फोगार्टी केंद्रानें अशी एक योजना काढली कीं, गरीब देशांतील तरुण संशोधकानें आपल्याच देशांत, आपल्याच जागेवर राहावें, आणि तीन ते पांच वर्षें त्याच्या वेळेचा तीनचतुर्थांश भाग संशोधनास मोकळा व्हावा एवढा पैसा त्यास मिळावा. वेळ विकत घ्यावयाचा, ही कल्पना फार योग्य. परंतु तिलाही एक दोरी बांधलेली होतीच: मार्गदर्शकांपैकीं एक अमेरिकन असला पाहिजे. आतां मार्गदर्शक कितीही सज्जन असो, ज्याच्या सहीवांचून अर्ज पुढें सरकत नाहीं त्याची आवड अर्जांत उतरल्यावांचून राहत नाहीं. रोगी आमचे, रक्ताचे नमुने आमचे, रात्रीचें जागरण आमच्या पोरांचें. आणि प्रश्न मात्र असा निवडावयाचा कीं जो त्यांच्या मासिकास रुचेल. पट्टकृमीपेक्षां दुर्मिळ जनुकाची चर्चा तेथें अधिक रुचते, हें या धंद्यांतला कोणीही खाजगींत सांगेल.

तरीही ही दोरी पत्करली असती. पण दोरीचें दुसरें टोंक परक्या देशाच्या निवडणुकीस बांधलेलें असतें, हें २०२५ सालीं सर्वांच्या प्रत्ययास आलें. त्या वर्षीं १ मे रोजीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं, आपल्या अनुदानांतून परदेशांतील सहकाऱ्यांस पोटअनुदानें देण्याची चालत आलेली पद्धत थांबवीत असल्याचें जाहीर केलें. आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत खुद्द फोगार्टी केंद्रच मोडून टाकावें अशी सूचना तेथील सरकारनें मांडली. सूचनेचें पुढें काय झालें हा त्यांच्या कायदेमंडळाचा प्रश्न. आमचा प्रश्न एवढाच कीं, ज्या पोरीनें वर्षभर खेडोपाडीं फिरून अपस्माराच्या रोग्यांची यादी केली तिनें दुसऱ्या वर्षीं त्या रोग्यांस जाऊन काय सांगावें? 'वॉशिंग्टनला सरकार बदललें, आतां मी येणार नाहीं', असें? अमेरिकेचा पैसा अमेरिकेचा आहे. तो तिनें द्यावा कीं न द्यावा हें ती ठरवील. दुसऱ्याच्या विहिरीवर आपला मळा लावणाऱ्यानें तक्रार कोणत्या तोंडानें करावी?

म्हणून आमचा खरा राग घरच्यांवर आहे. भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा जो भाग सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून खर्च करतो तो, २०२०-२१ च्या सरकारी हिशोबाप्रमाणें, शेंकडा ०.६४, रुपयाला एक पैसाही नाहीं. त्यांत अणु, अवकाश, संरक्षण, शेती सर्व आलें. मेंदूच्या वांट्याला काय उरत असेल त्याची कल्पना वाचकांनींच करावी. २०१६ सालीं डॉ. समीरण नंदी व त्यांचे सहकारी यांनीं एक हिशोब प्रसिद्ध केला. देशांतील ५७९ वैद्यकीय शिक्षणसंस्थांपैकीं ३३२ संस्थांतून २००५ ते २०१४ या दहा वर्षांत एकही शोधनिबंध बाहेर पडला नव्हता! या संस्थांतून आमचीं मुलें डॉक्टर होऊन बाहेर पडलीं, त्यांच्या पेढ्यांचे डबे आम्हीं वांटले, आणि ती संस्था नवें कांहीं शोधते काय हा प्रश्न कोणाही बापाच्या मनांत आला नाहीं.

सरकारी इस्पितळांतील तरुण न्यूरॉलॉजिस्टचा दिवस कसा जातो हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एकदां बाह्यरुग्ण विभागाच्या दारांत उभें राहावें. टेबलाभोंवतीं तिहेरी रांग. दूरच्या तालुक्याहून रात्रीच्या एस.टी.नें आलेल्या बाईला बोलावयास मिळतात तीन मिनिटें. दुपारीं वॉर्ड, संध्याकाळीं विद्यार्थी, रात्रीं झटका आलेला रोगी. याच माणसाला बढतीसाठीं शोधनिबंध छापून आणावयास सांगतात. वेळ द्यावयाचा नाहीं, मदतनीस द्यावयाचा नाहीं, आंकडेशास्त्र जाणणारा कोणी शेजारीं नाहीं, आणि निबंध मात्र हवा. मग निबंध जसे निघावयाचे तसे निघतात. पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या मासिकांचा धंदा चालतो तो याच गरजेवर. हे निबंध दाखवून आमचे ते वृद्ध गृहस्थ म्हणणार, 'पाहा, आपल्या लोकांच्या संशोधनाची लायकी!' उपाशी माणसाला दौडींत उतरवून तो मागें पडला म्हणून हंसण्यासारखें हें आहे.

आम्ही मागतों तें फार थोडें आहे. यंत्रें मागत नाहीं, इमारती तर मुळींच नाहींत. आठवड्यांतील दोन दिवस त्या डॉक्टरला बाह्यरुग्ण विभागांतून मोकळें करावें आणि त्याच्या जागीं काम करणाऱ्याचा पगार द्यावा. घरोघर जाणारी एक परिचारिका आणि एक हिशोबनीस द्यावा. आणि मंजूर झालेला पैसा त्याच वर्षांत हातांत पडावा. ही शेवटची अट वाचून कोणी हंसेल; पण संशोधनवृत्तीचे महिनेच्या महिने थकलेले हप्ते आणि त्यासाठीं मारलेले हेलपाटे ज्यांनीं अनुभवले आहेत ते हंसणार नाहींत. मुदत मात्र मोठी हवी. केरळांत अपस्मार असलेल्या गर्भवती स्त्रियांची नोंदवही १९९८ पासून ठेवली जात आहे. कोणत्या औषधानें गर्भास किती धोका, हें ती नोंदवही सांगूं शकते याचें कारण ती वर्षानुवर्षें चालली. दोन वर्षांच्या अनुदानावर असली वही बांधून होत नाहीं. फार तर तिचें मुखपृष्ठ होतें. स्वदेशी व विदेशी पैसा एकत्र करून माणसाला घरींच ठेवणारी व्यवस्था करतां येते, हेंही सिद्ध झालेलें आहे: केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम न्यास यांनीं २००८ सालीं सुरू केलेल्या संयुक्त संस्थेच्या वृत्ति भारतांतच राहून काम करणाऱ्यांस मिळतात. पण ती गंगा थोड्याच मोठ्या संस्थांच्या घाटांवरून वाहते. जिल्ह्याच्या इस्पितळांतील डॉक्टरला तिचा अर्ज लिहावयास शिकविणारासुद्धां मिळत नाहीं.

पैसा नाहीं, असें मात्र कोणी आम्हांस सांगूं नये. ज्या बंगळूरच्या संस्थेंत लाखोळीचें विष सांपडलें ती जमशेटजी टाटांच्या दानाच्या संकल्पांतून १९०९ सालीं उभी राहिली. १९३२ सालीं स्थापन झालेल्या लेडी टाटा स्मारक निधीनें तर रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठीं युरोपांतल्या शास्त्रज्ञांस वृत्ति दिल्या. देणारा हिंदी आणि घेणारा गोरा, असा देखावा त्या पारतंत्र्याच्या काळांतही दिसला होता. आज आमचे दाते इस्पितळास इमारत देतात, कारण इमारतीवर संगमरवरी पाटी बसते. डॉक्टरच्या मोकळ्या मंगळवारावर पाटी बसवितां येत नाहीं, ही आमची मोठी अडचण आहे!

'वृत्ति दिल्यावर तो अमेरिकेला पळून जाईल', हा आक्षेप आम्ही नेहमीं ऐकतों, आणि बहुधा ज्यांचे चिरंजीव आधींच तिकडे आहेत त्यांच्याच तोंडून ऐकतों. कांहीं जातील. परंतु मज्जाशास्त्राची तीन पदव्यांची तपश्चर्या करून आलेल्या माणसासमोर आज दोनच वाटा आहेत: खाजगी इस्पितळांत भरपूर मिळकत, नाहीं तर परदेशांत संशोधन. घरीं राहून संशोधन, ही तिसरी वाट आपण खुली केलेलीच नाहीं; मग तो तिजवरून गेला नाहीं हा त्याचा अपराध कसा? मुलीला स्थळ पाहतांना 'सरकारी इस्पितळांत आहे, संशोधन करतो' हें ऐकून आपल्यापैकीं किती जण पुढची चौकशी करतात, तें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.

आतां त्या आजारी बंधूंकडे वळतों. इस्पितळांतून घरीं आणल्यावर त्यांच्या उजव्या हातापायाला व्यायाम कोणी द्यावा, हा त्या घरांतला रोजचा प्रश्न आहे. व्यायाम देणारा तज्ज्ञ रोज परवडत नाहीं, खेड्यांत तर तो मिळतच नाहीं. तेव्हां घरच्या माणसांसच शिकवून हें काम करवावें, ही कल्पना सहज सुचते. ती भारतांतील १४ इस्पितळांतून १२५० रोग्यांवर पारखली गेली. पैसा ऑस्ट्रेलियाचा होता, कष्टांत आपल्याही डॉक्टरांचा वांटा होता. २०१७ सालीं निकाल लागला, तो असा कीं त्या पद्धतीनें सहा महिन्यांनंतर रोगी अधिक स्वावलंबी झाले नाहींत. निकाल प्रतिकूल म्हणून तो वायां गेला असें आम्ही समजत नाहीं. खोटी आशा संपली हाही लाभच. पण त्या निकालानें पुढचे प्रश्न उभे राहतात. शिकवण कमी पडली काय? व्यायाम थोडा झाला काय? घरच्या सुनेवर आधींच असलेल्या कामांत हें काम होणारच नव्हतें काय? आशा कार्यकर्तीनें आठवड्यास फेरी घातली तर फरक पडेल काय? हे प्रश्न सिडनीच्या माणसास सुचोत न सुचोत, त्या घरच्या सुनेस ते रोज सुचतात, आणि तालुक्याच्या डॉक्टरला ती ते विचारते. त्या बैठकींतल्या वृद्ध गृहस्थांस आम्ही हा अंक मुद्दाम पाठवीत आहों. ते एका मोठ्या धर्मादाय निधीचे विश्वस्त आहेत, आणि त्या निधीची वार्षिक सभा पुढील महिन्यांत आहे.